ओलं कपाट

दादाचा फोन आला तेव्हा तिच्या दुसऱ्या कानात एक बाई रडत होती. कुरिअरच्या कचेरीत तक्रारी ऐकून घेणं हेच तिचं काम असल्यामुळे कानात कोणी रडलं, ओरडलं किंवा थंड आवाजात धमकी दिली तरी तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. आपली गैरसोय झाली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, असं म्हणत तिनं त्या बाईला थांबायला लावलं आणि टेबलाखाली वाकून मोबाइल कानाला लावला. "आईला येत्या रविवारी तुझ्याकडे आणून सोडतो," दादा म्हणाला. "महिनाभर बघू. रमली तर राहील तुझ्याकडे. नाही रमली तर त्या जागेचं नक्की करून टाकू. ते लोक तरी खोली किती दिवस अडवून ठेवणार?" ती जागा म्हणजे शहराबाहेरचं म्हाताऱ्या माणसांचं निवासस्थान. त्याचे फोटो दादानं आधीच पाठवले होते. बाक होते, फुलझाडं होती, चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या. जागा वाईट नव्हती आणि हीच मोठी अडचण होती, कारण वाईट असती तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं. ती "बरं" म्हणाली. मग रडणाऱ्या बाईकडे परत गेली आणि तिचं पार्सल वाटेत आहे असं सांगितलं, जे खरं होतं की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

पण "रमली तर" हे दोन शब्द काही केल्या तिच्या डोक्यातून जाईनात. रमणं म्हणजे नक्की काय, आणि ते कुणी ओळखायचं? बालवाडीत पहिल्या दिवशी सोडलेली मुलं रमतात. खिडकीतून आया डोकावून बघतात आणि हसत घरी जातात. आईच्या बाबतीत खिडकीतून कोण डोकावणार होतं? घरी जाताना बसमध्ये उभ्या उभ्या तिनं आपली दीड खोली आईच्या डोळ्यांनी बघायला सुरुवात केली आणि तिला घाम फुटला. नवऱ्याचं घर सोडून इथे आल्याला बरीच वर्षं झाली होती, तरी घरात एक पलंग, एक टेबल आणि भिंतीला लावून रचलेली खोकी यापलीकडे काही नव्हतं. खोकी कचेरीतलीच, टाकून द्यायची म्हणून आणलेली. त्यांच्यावर "नाजूक वस्तू, सांभाळून ठेवा" असा लाल शिक्का होता आणि आत तिचे कपडे होते. आल्यागेल्याला ती हा विनोद म्हणून दाखवायची आणि आलेगेले हसायचे. आई हसली नसती. आईनं एकदा त्या खोक्यांकडे बघितलं असतं, मग तिच्याकडे, आणि मग पदरानं चष्मा पुसला असता, आणि ते चष्मा पुसणं आत्ताच, आई आलेलीही नसताना, तिच्या छातीत रुतून बसलं. आईला कपाट हवं होतं. निदान कपाट तरी.

जुन्या सामानाच्या गल्लीत कपाटं माणसांसारखी भिंतीला टेकून उभी होती, कुणाचं दार लोंबतंय, कुणाचा पाय मोडलाय. तिला परवडण्याजोगं एकच निघालं. दोन दारं, खाली एक खण, एका पायाखाली विटेचा तुकडा, आणि अंगावर कुणाकुणाच्या हातच्या जुन्या पॉलिशचे थर चढून चढून झालेला चिकट काळपट रंग. आत डांबरगोळ्यांचा वास होता. "लाकूड अस्सल आहे बाई," दुकानदार म्हणाला, "फक्त तोंड धुवायचं राहिलंय." तोंड धुवायला रंगाऱ्यानं जे मागितलं त्यात आणखी एक कपाट आलं असतं. मग तिनं फोनवर शोधलं आणि तिला घरी रंग बनवणाऱ्या बायकांचा एक मोठा गोतावळाच सापडला. भिंतीचा उरलेला रंग घ्या, प्लॅस्टरची पूड पाण्यात कालवून त्यात मिसळा, नीट गाळा, लावा, की जुनं लाकूडसामान नव्यासारखं. भिंतीचा उरलेला पांढरा रंग घरमालकाच्या जिन्याखाली पडून होता. मागितल्यावर तो म्हणाला, "न्या, मला अडगळच आहे ती." पांढऱ्यात घालायच्या रंगांच्या छोट्या बाटल्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत होत्या. कोणता रंग करायचा याचा विचार तिला करावाच लागला नाही. दुकानदारानं "कोणता देऊ?" म्हणून विचारलं आणि तिच्या तोंडून "हिरवा" असं निघून गेलं, जसं कुणी झोपेत आपलं नाव सांगतं.

कारण लहानपणचं घर म्हणजे हिरवं घर. बाबा बसडेपोच्या भांडारात कारकून होते. तिथे बसगाड्यांच्या रंगाचे डबे यायचे आणि तळाशी उरलेला, साय धरलेला रंग फेकायचा असायचा. तो बाबा घरी आणत. वर्ष-दोन वर्षांनी एका सुट्टीच्या दिवशी सगळे उरलेसुरले डबे एका बादलीत ओतले जात, बाबा बाह्या वर सारून मोडक्या छत्रीच्या दांड्यानं ते ढवळत, आणि घरातली खुर्ची, स्टूल, कपाट, खिडकीचे गज, अगदी चपलांची फळीसुद्धा त्या रंगानं न्हाऊन निघे. दर वेळी डबे वेगळे असत आणि दर वेळी रंग तोच होई, काळपट, मातकट हिरवा. ना बाटलीचा हिरवा, ना पानाचा. तो त्यांच्या घराचाच होता. शेजारच्या बायका त्यावरून नाक मुरडत आणि शाळेतल्या मुली घरी आल्या की तिला लाज वाटे. रंगवून झालं की बाबा चार पावलं मागे जात, मान तिरकी करत आणि म्हणत, "अगदी लाकडासारखा झालाय, नाही?" आई म्हणे, "अगदी." दादा आणि ती तोंडावर हात ठेवून हसत, कारण बाबांचा हा विनोद त्यांना पाठ होता. आणि रंगाचा तो तेलकट वास जेवताना घासागणिक नाकात शिरे आणि रात्री केसांत राही. आता तिला वाटलं, आईला या दीड खोलीत तोच रंग दिसला तर ती पाऊल ठेवता ठेवताच घरी आल्यासारखी होईल. इतका साधा हिशेब आपल्याला सुचला याचा तिला अभिमान वाटला आणि लगेच त्या अभिमानाचीच भीती वाटली.

पहिली बादली दगड झाली. प्लॅस्टरची पूड किती पटकन घट्ट होते हे त्या फोनवरच्या हसऱ्या बायकांनी सांगितलं होतं, पण सांगताना त्या इतक्या गोड हसत होत्या की तिनं ते मनावर घेतलं नाही. पाणी कमी पडलं, पूड जास्त झाली, मध्येच कचेरीतून फोन आला, आणि ती परत आली तेव्हा स्वयंपाकाचा लाकडी डाव बादलीत सरळ उभा होता आणि हलेना. डाव गेला, बादली गेली. दुसऱ्या वेळी तिनं थोडं थोडं कालवलं, जुन्या ओढणीतून गाळलं, आणि पहिला हात मारला. घासून काढायचा कंटाळा तिनं केला होता. पॉलिशपेपर चार-दोनदा फिरवून, नाकातोंडात धूळ गेल्यावर, पुरे म्हटलं होतं. सकाळी बघते तर हिरव्यातून तपकिरी डाग वर आले होते, जुन्या पॉलिशचे, जखमेवरच्या पट्टीतून रक्त यावं तसे. दुसरा हात मारला, तरी आले. हार्डवेअरवाल्यानं लाखेचं पाणी दिलं, ते लावलं, तेव्हा कुठे डाग थांबले. पण रंग काही तो नव्हता. ओला असताना तो असे आणि वाळला की फिका, खडूसारखा, दवाखान्यातल्या भिंतीसारखा होई. मग ती त्यात काळ्याचे दोन थेंब टाके, मग पिवळ्याचे, मग पुन्हा काळ्याचे. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, अशी गत. कचेरीत तिच्या नखांत हिरवं दिसे. "आपली गैरसोय" म्हणता म्हणता ती समोरच्या फायलीच्या पाठीकडे, कुणाच्या पर्सच्या पट्ट्याकडे, कुंडीतल्या धुळकट पानाकडे बघत राही, हा? नाही, याच्यात जरा माती हवी. आयुष्यात इतक्या निकरानं तिनं काहीच धरून ठेवलं नव्हतं, लग्नसुद्धा नाही.

रविवारी आई आली. दादानं एक चेनची बॅग पलंगाशी ठेवली, पाणी प्यायला, "वास मारतोय गं," म्हणाला आणि गेला. आई पलंगाच्या कडेवर बसली, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशी. तिनं कपाटाकडे बघितलं. "ओलं आहे अजून," लेक घाईघाईनं म्हणाली, "उद्या वाळेल, मग तुझे कपडे लावू." आई म्हणाली, "असू दे. घाई काय आहे?" दुसऱ्या दिवशी कपाट वाळलं, पण रंग चुकलेला दिसला, आणि आईच्या डोळ्यांदेखत तो चुकलेला रंग उभा आहे हे तिला सोसेना, म्हणून कचेरीतून आल्या आल्या, चपला न काढता, तिनं पुन्हा एक हात मारला. असं होत गेलं. एकदा घाईत दारं मिटलेली असतानाच रंग लावला आणि ती एकमेकांना चिकटून बसली. सुरीनं फट मोकळी करताना कडेचे टवके निघाले, म्हणजे टवक्यांच्या जागी पुट्टी भरा, पुन्हा घासा. आई बॅगेतून एक लुगडं काढे, नेसलेलं धुऊन वाळलं की त्याच घडीवर घडी घालून परत बॅगेत ठेवे आणि चेन ओढून घेई. त्या चेनचा आवाज तिला न्हाणीघरातूनही ऐकू येई. सर्र. बंद. म्हणजे ही जाणार, ती साबण लावता लावता स्वतःशी म्हणे, ही इथे रमलेली नाही, रमणार नाही.

दादा दर दोन दिवसांनी कचेरीत फोन करी. "बॅग रिकामी केली का तिनं? कपडे लावले का?" त्याच्या दृष्टीनं ती परीक्षाच होती. "आमच्याकडे आली तेव्हा पहिल्या दिवशीच सगळं कपाटात लावलं होतं तिनं." ती म्हणे, "कपाट ओलं आहे रे." तो म्हणे, "कपाट किती दिवस ओलं असतं?" खरं सांगायचं तर आईनं राहावं असं तिला वाटे आणि त्याच वेळी, संध्याकाळी दार उघडताना आत दिवा लागलेला दिसला की क्षणभर जीव घुसमटेही. इतकी वर्षं तिनं काळोख्या घरात कुलूप काढलं होतं. त्या काळोखाला तिनं शिव्या घातल्या होत्या आणि आता तिला त्याचीच आठवण येत होती. ती यायच्या वेळी आई तिच्यासाठी एक कप वेगळा धुऊन उपडा ठेवी. आईचं खोकणं, भांड्यांच्या आवाजात बुडून जाणारं तिचं बोलणं, खिडकीशी उभं राहणं. सरळ विचारावं, आई, तुला इथे राहायचंय का? पण आई काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. बाबा गेल्यावर एकदा विचारलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, "तुमचं दोघांचं ठरलं की मला सांगा." ते वाक्य तिला अजून टोचत होतं, आणि "हो" ऐकायची भीती जास्त की "नाही" ऐकायची, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. म्हणून ती विचारत नव्हती, रंगवत होती.

एका सुट्टीच्या दुपारी ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रंग ढवळत बसली होती. बाटलीतून काळ्याचा थेंब सोडायचा, ढवळायचं, बोटानं भिंतीवर लावून बघायचं. भिंतीवर अशा बोटांची एक रांगच लागली होती. आई पलंगावरून बघत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "कुठला रंग काढतेयस एवढा?"

"आपल्या घरचा. बाबांचा हिरवा."

"तो?" आई म्हणाली. आणि मग तिनं काय करावं, तर हसली. आईला हसताना तिनं किती दिवसांनी बघितलं होतं कोण जाणे. "तो तुला सापडायचा नाही. तो कुणी ठरवून केला होता होय?"

"म्हणजे?"

"तुझ्या बाबांना हिरवा दिसायचाच नाही. हिरवा, तांबडा, विटकरी, सगळं एकच. डेपोत झाकणावरची अक्षरं वाचून रंग काढून द्यायचे, म्हणून निभावलं. घरी आणलेल्या डब्यांना झाकणं नसायची. त्यांना वाटायचं, आपण सागवानी करतोय."

तिच्या हातातली काडी थांबली. चार पावलं मागे जाऊन मान तिरकी करणारे बाबा तिच्यासमोर उभे राहिले. अगदी लाकडासारखा झालाय, नाही? तो विनोद नव्हता. एकदाही नव्हता. ती आणि दादा तोंडावर हात ठेवून हसत होते आणि तो माणूस मनापासून विचारत होता.

"आणि तू 'अगदी' म्हणायचीस."

"मग काय म्हणणार? सुट्टीचा दिवस घालवून माणूस घामाघूम झालेला. आणि बाहेर कळलं असतं तर भांडारातून उचलून कुठे टाकलं असतं त्यांना? शेजारणी हसायच्या, मी म्हणायची, मलाच आवडतो बाई हिरवा. लोकांना वाटायचं, हिची आवडच तशी." आईनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "मला जन्मात आवडला नाही. डोळ्यांवर यायचा."

"बाबांना माहीत होतं? म्हणजे, तुला सगळं कळलंय, हे त्यांना माहीत होतं?"

"मी कधी विचारलं नाही."

"इतक्या वर्षांत?"

"विचारलं की माणसाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं," आई म्हणाली. "आणि एकदा दिलं की ते उत्तर घरातच राहायला येतं. दादाकडे नाही का, मी पहिल्या दिवशी सगळं नीट लावून टाकलं. मग नातवाला खोली हवी झाली. सूनबाई बिचारी चांगली, तिनं विचारलं, आई, तुम्हाला चालेल ना? आता न चालून सांगते कुणाला? हसत हसत सगळं रिकामं केलं. लावताना काही नाही गं. काढताना हात कापतात."

बादलीतला रंग घट्ट होत चालला होता आणि ती काडी फिरवत राहिली, सवयीनं. एवढे दिवस चेनचा जो आवाज ती ऐकत होती तो वेगळाच होता तर. तिनं जाण्याची तयारी ऐकली होती, आणि तिथे एक म्हातारी बाई, पुन्हा कुणी रिकामं करायला लावू नये म्हणून, भरायचंच टाळत होती. हे कळल्यावर तिला एकदम इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्या सुटण्याचीच धास्ती बसली. कारण आता रंग चुकला, वास येतो, घर लहान आहे, यातली एकही सबब उरली नव्हती. उरली होती फक्त ती स्वतः, संध्याकाळी दार उघडून दिव्याकडे बघणारी. तिनं बादलीत जो रंग झाला होता तो तसाच कपाटाला लावला. ना पानाचा, ना बाटलीचा, ना घरचा, कुठलासा राखी. दारं उघडी ठेवून, नीट, कडेकडेनं, पहिल्यांदाच घाई न करता. आई म्हणाली, "हा बरा दिसतो," आणि डोळे मिटून पडली.

दोन-तीन दिवसांत कपाट खडखडीत वाळलं. नख मारून बघितलं तरी ओरखडा उठेना. दारं लागत होती, उघडत होती. गुरुवारी सकाळी ती न्हाणीघरात असताना आईनं खण ओढून बघितल्याचा आवाज आला आणि मग हळूच परत लावल्याचा. ती ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा आई खिडकीशी होती. बॅग पलंगाशी होती. दोघींपैकी कुणीच कपाटाचं नाव काढलं नाही. कचेरीत दिवसभर ती लोकांना सांगत राहिली की त्यांची वस्तू वाटेत आहे, आणि दुपारी एक माणूस चिडून म्हणाला, "बाई, वाटेत, वाटेत, पण पोचणार कधी?" तर तिला त्याला सांगावंसं वाटलं, की साहेब, कधी कधी वाटेत असणंच बरं असतं. अर्थात तिनं ते सांगितलं नाही, दिलगिरीच व्यक्त केली.

संध्याकाळी ती घरी आली आणि चपला काढत होती तेवढ्यात आईचा फोन वाजला. दादाच होता. खोली लहान, त्यामुळे त्याचा आवाज तिलाही ऐकू येत होता. त्या जागेवाल्यांनी उद्यापर्यंत कळवायला सांगितलं होतं. "आई, सरळ सांग," तो म्हणत होता, चिडून नव्हे, थकून. "रमलीस का तिथे? अजून बॅगही रिकामी केली नाहीस म्हणे." ती दारातच, एक चप्पल पायात ठेवून, उभी राहिली. आई पलंगाच्या कडेवरून कपाटाकडे बघत होती. तिची पाठ ताठ होती.

"अरे, कपडे लावल्याशिवाय कसं कळणार रमले की नाही?" आई म्हणाली. "आणि लावू कुठे? कपाट ओलं आहे अजून."

"अजून?"

"हो ना. आता हवा दमट. हात लावला की रंग बोटाला लागतोय. ओल्यात लुगडी ठेवली तर डाग पडतील. वाळलं की लावते, महिनाभर राहून बघते, मग सांगते तुला. त्या लोकांना सांग थांबायला. नसतील थांबत तर दुसऱ्या कुणाला देऊ दे खोली. आपण काय अडवून धरावं?"

पलीकडे दादा काहीतरी पुटपुटला. इकडे ती चप्पल काढून कपाटापाशी गेली आणि सबंध तळवा दारावर टेकवला. दार कोरडं होतं, थोडं खरखरीत, दिवसभराच्या उन्हानं कोमट. हात उचलून बघितला, तर हात स्वच्छ होता. आपल्यासाठी कुणी इतक्या सराईतपणे खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं. आईनं फोन बंद करून उशीखाली ठेवला आणि पांघरूण सारखं करायला लागली. ती खाली बसली, बादली पुढे ओढली, पुडीची पिशवी सोडली, पूड बादलीत टाकून पाणी ओतलं.

"आई," ती म्हणाली, "तुला इथे माझ्याजवळ—"

"फार पातळ नको करूस," पांघरुणाची घडी न सोडता आई म्हणाली. "पातळ लवकर वाळतो."